सूक्ष्मदर्शकाच्या बहुभिंगी ऑब्जेक्टिव्हची रचना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑब्जेक्टिव्ह म्हणजे सूक्ष्मदर्शकातला नमुन्याजवळचा भिंगसमूह. सूक्ष्मदर्शक वापरणारे विद्यार्थी, प्रयोगशाळेत काम करणारे आणि भिंगरचना स्वतः शिकू पाहणारे वाचक फिरून फिरून हेच प्रश्न पाठवतात. क्रम सोप्याकडून अवघडाकडे आहे. प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी चालेल. एखादी गोष्ट दुसरीकडे सविस्तर आली असेल तर तिथला प्रश्नक्रमांक दिला आहे.

१. ऑब्जेक्टिव्हमध्ये दहा-पंधरा भिंगे कशाला लागतात? एकच उत्तम भिंग घडवले तर भागणार नाही का?

भागणार नाही, आणि यात दोष कारागिराच्या हाताचा नसतो. गोलाकार पृष्ठभागाच्या एकट्या भिंगात कडेजवळचे किरण मधल्या किरणांच्या अलीकडे एकत्र येतात (गोलीय विपथन), निळा प्रकाश तांबड्याच्या अलीकडे एकवटतो (वर्णीय विपथन), अक्षाबाहेरच्या बिंदूला शेपूट फुटते (कोमा) आणि सपाट वस्तूची प्रतिमा वाटीसारख्या वक्र पृष्ठावर पडते (क्षेत्रवक्रता). अगोलीय पृष्ठभाग घडवून यातला पहिला दोष काढता येईल, पण बाकीचे जागच्या जागी राहतात. म्हणून रचनाकार दोन गोष्टी करतो: किरणाला वळवण्याचे काम अनेक पृष्ठभागांत वाटून देतो, म्हणजे कोणत्याही एका पृष्ठभागावर तो फार तिरका आदळत नाही, आणि काही भिंगे मुद्दाम उलट दोषाची घेतो, म्हणजे बेरीज शून्याजवळ येते.

ही बेरीज अंदाजाने न करता शिस्तीने करता येते हे जोसेफ जॅक्सन लिस्टर यांनी १८३० मध्ये दाखवले. ते लंडनचे मद्यव्यापारी. शस्त्रक्रियेत जंतुनाशके आणणारे लिस्टर हे त्यांचे चिरंजीव. दोन वर्णदोषरहित जोडभिंगे ठरावीक अंतरावर ठेवली तर एकाचे गोलीय विपथन आणि कोमा दुसऱ्याच्या विपथनाशी काटता येतात, हे त्यांचे निरीक्षण. आजचे साधे १०x ऑब्जेक्टिव्ह अजूनही बहुतांशी याच घाटाचे असते आणि त्यात चारच भिंगे असतात. भिंगांची संख्या हा दर्जाचा मापदंड नव्हे. प्रत्येक भिंग कोणता दोष काढण्यासाठी बसवले आहे हे रचनाकाराला सांगता आले पाहिजे; सांगता येत नसेल तर ते काढून पाहावे.

२. विशालन जास्त तर तपशील जास्त, असे नाही का?

नाही. तपशील ठरतो न्यूमरिकल ॲपर्चरवर (यापुढे एनए). वस्तूच्या बाजूच्या माध्यमाचा अपवर्तनांक आणि वस्तूपासून आत शिरणाऱ्या प्रकाशशंकूच्या अर्ध्या कोनाचा साइन यांचा गुणाकार म्हणजे एनए. वेगळे ओळखता येणारे सर्वांत लहान अंतर म्हणजे तरंगलांबी भागिले एनएची दुप्पट. हिरव्या प्रकाशात (०.५५ मायक्रोमीटर) ०.२५ एनएला हे अंतर १.१ मायक्रोमीटर येते, १.४ एनएला सुमारे ०.२. विशालन फक्त हा तपशील डोळ्याला किंवा कॅमेऱ्याच्या पिक्सेलला पेलेल इतका मोठा करून देते.

हे सूत्र भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये जर्मनीतल्या येना येथे मांडले, तेही एका अपेक्षाभंगातून. कार्ल झाइस यांच्या कार्यशाळेसाठी त्यांनी विपथने आटोक्यात राहावीत म्हणून अरुंद शंकूची ऑब्जेक्टिव्ह गणिताने बेतली; ती किरणांच्या हिशेबाने निर्दोष होती, पण जुन्या, रुंद शंकूच्या ऑब्जेक्टिव्हपेक्षा कमी दाखवत होती. बारीक रचनेतून विवर्तन होऊन तिरका फेकला जाणारा प्रकाश आत घेतलाच नाही, तर ती रचना प्रतिमेत येणार कुठून, हा उलगडा त्यातून झाला. तेव्हापासून या क्षेत्रातली खरी ओढाताण एकच आहे: शंकू रुंद करावा तर विपथने झपाट्याने वाढतात, आणि अरुंद ठेवावा तर तपशील हातचा जातो.

३. ॲक्रोमॅट आणि अपोक्रोमॅट यांत नेमका फरक काय? किंमत इतकी का वाढते?

ॲक्रोमॅटमध्ये दोन रंग एका बिंदूवर आणलेले असतात, अपोक्रोमॅटमध्ये तीन, शिवाय त्यात गोलीय विपथनही एकाहून अधिक रंगांसाठी सुधारलेले असते.

हिशेब पाहिला की किमतीचे कारण कळते. नेहमीच्या क्राउन काचेचा (बीके७) आबे अंक सुमारे ६४ आणि फ्लिंट काचेचा (एफ२) सुमारे ३६ असतो. हा अंक जितका मोठा तितके काचेचे अपस्करण (रंगांनुसार प्रकाश फाकणे) कमी. या दोन काचांचे १ शक्तीचे (शक्ती म्हणजे नाभीय अंतराचा व्यस्त) वर्णदोषरहित जोडभिंग हवे असेल तर बहिर्गोल भिंगाला २.३ आणि अंतर्गोल भिंगाला उणे १.३ शक्ती द्यावी लागते. म्हणजे १ शक्ती मिळवण्यासाठी सव्वादोन पटींहून अधिक वाकवायचे आणि मग बरेचसे परत उलगडायचे. एवढे करूनही निळा आणि तांबडा जुळले तरी हिरवा त्यांच्याशी जुळत नाही. उरलेल्या या फरकाला दुय्यम वर्णपट म्हणतात आणि नेहमीच्या काचांत तो नाभीय अंतराच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास असतो. २ मिमी नाभीय अंतराला हे होतात ढोबळमानाने १ मायक्रोमीटर. दुर्बिणीच्या मानाने ही रक्कम क्षुल्लक वाटेल, परंतु १.४ एनएच्या ऑब्जेक्टिव्हची क्षेत्रखोली अर्ध्या मायक्रोमीटरहूनही कमी असल्यामुळे हिरवा फोकसमध्ये असताना निळा त्याच्या पार बाहेर गेलेला असतो. म्हणून मोठ्या एनएला वेगळ्या काचा आणि फ्लोराइट लागतातच (प्रश्न ४).

४. फ्लोराइटमध्ये असे काय आहे, आणि सगळी भिंगे त्याचीच का करत नाहीत?

फ्लोराइट म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडचा स्फटिक. त्याचा अपवर्तनांक १.४३४ आणि आबे अंक ९५ आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे निळ्या आणि तांबड्या टोकांकडील त्याच्या अपस्करणाचे प्रमाण नेहमीच्या काचांच्या चालीने जात नाही. नीट निवडलेल्या काचेशी जोडी लावली की दुय्यम वर्णपट जवळपास नाहीसा होतो. आबे यांनी ऑटो शॉट यांच्या नव्या काचा आणि नैसर्गिक फ्लोराइट वापरून १८८६ मध्ये पहिली अपोक्रोमॅट बाजारात आणली. शॉट यांचा येनातला काचकारखाना त्याआधी दोनच वर्षे, १८८४ मध्ये, सुरू झाला होता. आता स्फटिक कृत्रिमरीत्या वाढवतात आणि बऱ्याच ठिकाणी एफपीएल५३ सारख्या फ्लोरोफॉस्फेट काचांवर भागते.

अडचणी मात्र ठोस आहेत. फ्लोराइट मऊ असते, पॉलिश करताना ओरखडते आणि तापमानाच्या अचानक फरकाने तडकू शकते. त्याचे उष्णतेने होणारे प्रसरण बीके७ च्या अडीच पटींहून अधिक असते, त्यामुळे काचेशी सिमेंटने चिकटवलेली जोडी तापमान बदलले की ताणाखाली येते. त्याचा अपवर्तनांक कमी असल्याने तीच शक्ती मिळवण्यासाठी पृष्ठभाग अधिक वक्र करावे लागतात. म्हणून ते किरणझोत रुंद असलेल्या, रंगदोष जास्त जमणाऱ्या मधल्या गटांत वापरतात. समोरचे भिंग त्याचे करण्यात शहाणपण नाही.

५. मोठ्या एनएच्या ऑब्जेक्टिव्हचे समोरचे भिंग इतके इवलेसे आणि जवळजवळ अर्धगोल का असते?

या क्षेत्रातली सर्वांत देखणी युक्ती या भिंगात आहे. काचेच्या गोलाच्या आत, केंद्रापासून त्रिज्या भागिले अपवर्तनांक एवढ्या अंतरावर एखादा बिंदू असेल, तर त्याच्यापासून निघून गोल पृष्ठभागातून बाहेर पडणारे सर्व किरण, कितीही तिरके असोत, केंद्रापासून त्रिज्या गुणिले अपवर्तनांक एवढ्या अंतरावरील एकाच बिंदूतून आल्यासारखे दिसतात. गोलीय विपथन शून्य, आणि आबे यांची साइनची अट पाळली जात असल्यामुळे जवळपासच्या बिंदूंना कोमाही शून्य. आता नमुना काचेच्या आत कसा घालायचा? गोल एका बाजूने सपाट कापायचा आणि कव्हरस्लिप (नमुन्यावरची पातळ काच) व ही सपाट बाजू यांच्यात काचेच्याच अपवर्तनांकाचे तेल भरायचे. प्रकाशाच्या लेखी मग मध्ये फट उरतच नाही. जिओव्हानी बातिस्ता आमिची यांनी हे अर्धगोलापेक्षा थोडे अधिक असे भिंग एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला रूढ केले आणि आबे यांनी १८७८ मध्ये तेलाचा अपवर्तनांक काचेशी जुळवून ते पुरते कामाला लावले.

आकड्यांत पाहू. तेल आणि काच १.५१५, एनए १.४. नमुन्यातून निघणाऱ्या सर्वांत तिरक्या किरणाच्या कोनाचा साइन ०.९२४, म्हणजे कोन साडेसदुसष्ट अंश. पहिल्या गोल पृष्ठभागातून बाहेर पडताच साइन होतो ०.६१. त्यामागे एक मेनिस्कस (एका बाजूने फुगीर, दुसऱ्या बाजूने खोलगट) भिंग ठेवायचे: त्याची आतली बाजू किरणांच्या आभासी उगमाशी समकेंद्री, म्हणून तिथे किरण वळतच नाहीत, बाहेरची बाजू पुन्हा वरच्याच नियमाची, म्हणून साइन ०.४० वर येतो. दोन भिंगांत साडेसदुसष्ट अंशांचा शंकू चोवीस अंशांखाली आला, आणि एका रंगापुरते तरी कसलेही नवे गोलीय विपथन आले नाही. पुढचे काम मग सामान्य जोडभिंगांच्या आवाक्यातले राहते.

किंमत दोन प्रकारांनी मोजावी लागते. या दोन भिंगांतला रंगदोष साचतो आणि मागच्या गटांना तो उलट दिशेने फेडावा लागतो. शिवाय दोन्ही भिंगे जोरकस बहिर्गोल असल्याने क्षेत्रवक्रता वाढते (प्रश्न ६).

६. प्लॅन ऑब्जेक्टिव्ह म्हणजे काय? माझ्या ऑब्जेक्टिव्हमध्ये मध्यभाग स्पष्ट आणि कडा धूसर दिसतात.

आधी फाइन फोकस फिरवून पाहावे. कडा स्पष्ट होऊन मध्यभाग धूसर झाला, तर ती क्षेत्रवक्रता आहे, भिंग बिघडलेले नाही. कोणत्याही फोकसला कडा स्पष्ट होतच नसतील तर कोमा किंवा अबिंदुकता (बिंदूची प्रतिमा रेघेसारखी ओढली जाणे) आहे असे समजावे.

क्षेत्रवक्रतेचा मुख्य भाग पेत्झव्हाल बेरजेवरून ठरतो: प्रत्येक भिंगाची शक्ती भागिले त्याचा अपवर्तनांक, या सर्वांची बेरीज. किरण अक्षापासून किती उंचीवर भिंगाला भेटतो याचा या बेरजेत संबंधच नाही, आणि सुटकेची वाट नेमकी इथेच आहे. किरणांची उंची कमी असेल अशा जागी जोरकस अंतर्गोल पृष्ठभाग ठेवला तर तो एकूण शक्ती फारशी घटवत नाही, पण पेत्झव्हाल बेरजेतून मात्र आपला पूर्ण वाटा वजा करतो. म्हणून प्लॅन ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या भागात खोल अंतर्गोल बाजू समोरासमोर असलेली जाड मेनिस्कस भिंगे दिसतात, आणि अनेक कोरड्या ऑब्जेक्टिव्हमध्ये नमुन्याकडचा पहिला पृष्ठभागही अंतर्गोल असतो. झाइसच्या हान्स ब्योगेहोल्ड यांनी १९३८ मध्ये सपाट क्षेत्राची ऑब्जेक्टिव्ह बेतली तेव्हापासून हाच मार्ग आहे. त्यासाठी वाढणारी भिंगे हेच प्लॅन ऑब्जेक्टिव्ह महाग असण्याचे कारण. फक्त डोळ्याने, स्लाइड हलवत पाहणाऱ्याला हा खर्च टाळता येतो. कॅमेऱ्याला टाळता येत नाही.

७. ‘१६०’ आणि ‘∞’ या खुणांचा अर्थ काय?

१६० म्हणजे ऑब्जेक्टिव्ह १६० मिमी यांत्रिक नळीलांबीसाठी बेतले आहे आणि ते स्वतःच प्रतिमा तयार करते. ∞ म्हणजे त्यातून समांतर किरण बाहेर पडतात आणि प्रतिमा ट्यूब लेन्स तयार करते. मधल्या समांतर टप्प्यात फिल्टर किंवा ध्रुवक घातला तरी फोकस बिघडत नाही. दोन्हींची अदलाबदल करू नये: प्रतिमा दिसेल, पण मोठ्या एनएला गोलीय विपथन स्पष्ट जाणवेल.

८. एका कंपनीचे ∞ ऑब्जेक्टिव्ह दुसऱ्या कंपनीच्या सूक्ष्मदर्शकावर चालेल का?

आटे जुळले तरी दोन गोष्टी तपासाव्यात. पहिली, विशालन म्हणजे ट्यूब लेन्सचे नाभीय अंतर भागिले ऑब्जेक्टिव्हचे. ऑलिंपसची ट्यूब लेन्स १८० मिमी, नायकॉन आणि लायकाची २०० मिमी, झाइसची १६४.५ मिमी. त्यामुळे ऑलिंपसचे २०x (नाभीय अंतर ९ मिमी) नायकॉनवर २२.२x होते. एनए तेवढाच राहतो, फक्त मोजमापपट्टी नव्याने बसवावी लागते. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. नायकॉन आणि ऑलिंपस परंपरेने रंगदोष ऑब्जेक्टिव्हमध्येच पूर्ण काढतात, तर झाइस आणि लायका त्यातला काही वाटा ट्यूब लेन्सवर सोपवतात. गटाबाहेरची जोडी लावली की क्षेत्राच्या कडेला रंगीत किनार येते. मधोमध एकाच रंगात काम असेल तर खुशाल वापरावे.

९. कव्हरस्लिप ०.१७ मिमीचीच का? थोड्या फरकाने काय बिघडते?

कव्हरस्लिप हे रचनेतले पहिले ‘भिंग’ आहे, एवढेच की ते ग्राहक स्वतः आणतो. सपाट काच तिरक्या किरणांना सरळ किरणांपेक्षा वेगळ्या प्रमाणात सरकवते, म्हणजे गोलीय विपथन घालते, रचनाकाराने ०.१७ मिमी गृहीत धरून त्याच्या विरुद्ध विपथन ऑब्जेक्टिव्हमध्ये आधीच भरलेले असते. हा परिणाम साधारण एनएच्या चौथ्या घाताने वाढतो. ०.२५ एनएला कव्हरस्लिप विसरली तरी कळत नाही, पण ०.९५ एनएच्या कोरड्या ऑब्जेक्टिव्हला काही मायक्रोमीटरांचा फरकही जाचतो, म्हणून त्यावर फिरती कॉलर असते. ती आतल्या गटांमधली हवेची फट बदलते. ‘१.५ क्रमांक’ लिहिलेल्या डबीतल्या काचा ०.१६ ते ०.१९ मिमीपर्यंत असू शकतात, आणि नमुना काचेला चिकटलेला नसेल तर मधल्या माध्यमाची जाडीही त्यात मिळवावी लागते. तेलाच्या ऑब्जेक्टिव्हला काचेच्या जाडीचे फारसे सोयरसुतक नसते, कारण काच आणि तेल प्रकाशाला सारखेच. तिथे चिंता नमुन्याच्या अपवर्तनांकाची (प्रश्न १३).

१०. मला सॉफ्टवेअरमध्ये स्वतः ऑब्जेक्टिव्ह बेतून पाहायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

झीमॅक्स ऑप्टिकस्टुडिओ आणि कोड व्ही ही व्यावसायिक साधने आहेत. शिकण्यासाठी पायथनमधली मुक्त साधनेही पुरतात. साधनापेक्षा मांडणी महत्त्वाची.

ऑब्जेक्टिव्ह नेहमी उलटे मांडावे: समांतर किरण मागून आत सोडायचे आणि नमुन्याच्या जागी एकवटवायचे. २०x/०.८ आणि २०० मिमी ट्यूब लेन्स घेतली तर नाभीय अंतर १० मिमी. मागच्या बाजूच्या किरणझोताचा व्यास म्हणजे दोन गुणिले एनए गुणिले नाभीय अंतर, म्हणजे १६ मिमी. जुन्या आरएमएस (रॉयल मायक्रोस्कोपिकल सोसायटीच्या) आट्याचा व्यास २०.३२ मिमी असतो हे लक्षात घेतले की काही उत्पादक मोठ्या आट्यांकडे का वळले ते कळते. २५ मिमी क्षेत्रांक (प्रतिमेच्या पातळीवर दिसणाऱ्या क्षेत्राचा व्यास) धरला तर नमुन्यावरचे क्षेत्र १.२५ मिमी आणि मागचा अर्धा क्षेत्रकोन सुमारे ३.६ अंश. शेवटी ०.१७ मिमीची कव्हरस्लिप सपाट पट्टी म्हणून घालायलाच हवी. ४३६ ते ६५६ नॅनोमीटरमधल्या चार-पाच तरंगलांबी घ्याव्यात.

यानंतर कोऱ्या पानावरून अनुकूलन सुरू करणे ही नवशिक्यांची सर्वांत मोठी वेळखाऊ सवय आहे. संगणक जवळची दरी (आसपास चूक सर्वांत कमी असलेली रचना) शोधतो, चांगली दरी कोणती हे त्याला ठाऊक नसते. मुदत संपलेल्या पेटंटमध्ये त्रिज्या, जाड्या आणि अपवर्तनांक छापलेले असतात. जवळच्या एनएचे एक घेऊन ते आपल्या मापात आणावे. त्याआधी दोन जोडभिंगांचे १०x/०.२५ हाताने बेतून पाहावे, कारण प्रश्न ३ मधला हिशेब तिथे डोळ्यांसमोर घडतो. उद्दिष्ट म्हणून तरंगाग्राची वर्गमध्यमूळ चूक तरंगलांबीच्या चौदाव्या भागापेक्षा कमी ठेवावी. त्यात स्ट्रेल गुणोत्तर (बिंदूच्या प्रतिमेची कमाल तेजस्विता भागिले निर्दोष भिंगातली) ०.८ मिळते आणि व्यवहारात त्यालाच विवर्तन-मर्यादित म्हणतात. कागदावर मात्र याहून बरेच चांगले उतरले पाहिजे, कारण उरलेली शिल्लक कारखान्यात खर्च होते (प्रश्न ११).

११. कागदावर रचना उत्तम आहे. मग प्रत्यक्षात सगळे नग सारखे का निघत नाहीत?

मोठ्या एनएच्या ऑब्जेक्टिव्हमध्ये काही भिंगे अक्षापासून थोडे मायक्रोमीटर सरकली तरी मधोमध कोमा दिसू लागतो, आणि हवेच्या फटीत तेवढाच फरक पडला तर गोलीय विपथन. एवढी अचूकता नुसत्या घडणीतून मिळत नाही, ती जुळणीतून मिळते. प्रत्येक भिंग पितळी बैठकीत बसवून, भिंगाचा प्रकाशीय अक्ष लेथच्या अक्षाशी जुळवून मग बैठकीचा बाहेरचा व्यास कातला जातो. अशा बैठका एका नळीत एकावर एक रचतात. मग धातूच्या पातळ थरातल्या सूक्ष्म छिद्राची प्रतिमा पाहतात. फोकसच्या वर आणि खाली वलये सारखी नसतील तर फटीतली कडी बदलायची. वलये एका बाजूला झुकली असतील तर एक ठरावीक गट आडवा सरकवायचा. हे ‘सरकवायचे भिंग’ रचनाकाराने आधीच नेमलेले असते, म्हणजे ते हलवल्यावर कोमाखेरीज दुसरे काही फारसे बदलत नाही. जुळणीचा विचार न करता केलेली रचना माझ्या मते अपुरीच समजावी.

१२. भिंगे वाढली की प्रकाश कमी होत नाही का?

लेप नसेल तर फार होतो. काच आणि हवा यांच्या प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परततो. असे १६ पृष्ठभाग असतील तर निम्माच पलीकडे जातो, आणि परतलेला प्रकाश धुके बनून प्रतिमेचा कॉन्ट्रास्ट मारतो, ते अधिक वाईट. झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये परावर्तनरोधक लेपाचे पेटंट घेतले. प्रत्येक पृष्ठभागाचे परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणले तर त्याच १६ पृष्ठभागांतून ९२ टक्के प्रकाश जातो. अनेक भिंगांची आजची रचना या लेपांशिवाय कागदावरच राहिली असती.

अपवाद अतिनील प्रकाशाचा. कॅल्शियम मोजण्यासाठी ३४० नॅनोमीटरने उद्दीपन करायचे असेल तर जड फ्लिंट काचा आणि काही सिमेंटे तिथे प्रकाश शोषतात, आणि महागडा प्लॅन अपोक्रोमॅट कमी भिंगांच्या फ्लोराइट प्रकारापुढे हरतो. उत्पादकाचा पारगमन-आलेख पाहिल्याशिवाय खरेदी करू नये.

१३. १.४९ एनए हा १.२ पेक्षा सरसच ना? जिवंत पेशींसाठी तोच घ्यावा का?

काचेला चिकटलेल्या थराच्या पलीकडे पाहायचे असेल तर बहुधा नको. पेशीचा अपवर्तनांक १.३६ ते १.३८ च्या आसपास असतो. त्याहून मोठ्या एनएचे किरण पाणीदार नमुन्यात पसरतच नाहीत, काचेलगत विरून जातात. १.४९ ची ऑब्जेक्टिव्ह नेमकी याच विरणाऱ्या प्रकाशाचा उपयोग करण्यासाठी बेतलेली असतात. पन्नास मायक्रोमीटर आत जायचे असेल तर तेल आणि पाणी यांच्या अपवर्तनांकातल्या तफावतीने गोलीय विपथन साचत जाते, आणि कॉलर असलेले १.२ एनएचे पाण्याचे ऑब्जेक्टिव्ह स्पष्ट पुढे निघते. दुसऱ्या टोकाला ऑलिंपसने १.६५ एनएचेही ऑब्जेक्टिव्ह काढले, पण त्याला सुमारे १.७८ अपवर्तनांकाचे खास द्रव आणि तशाच कव्हरस्लिपा लागतात.

१४. कमी विशालन, मोठे क्षेत्र आणि तरीही मोठा एनए, असे ऑब्जेक्टिव्ह का मिळत नाही?

रचनेची खरी काठिण्यपातळी एनए गुणिले क्षेत्राचा व्यास यावरून मोजावी. १००x/१.४५ मध्ये २५ मिमी क्षेत्रांक धरला तर हा गुणाकार ०.३६ मिमी येतो, २०x/०.८ मध्ये १ मिमी. म्हणजे नावाजलेले १००x या अर्थाने सोपे आणि साधेसे वाटणारे २०x अवघड. हा गुणाकार वाढवला की भिंगे रुंद, जाड आणि संख्येने अधिक होतात, आणि नेहमीच्या ४५ किंवा ६० मिमी समफोकस लांबीत (आट्याच्या बैठकीपासून नमुन्यापर्यंतचे अंतर) मावत नाहीत.

ती चौकट सोडायची तयारी असेल तर ते शक्य आहे. ब्रॅड ॲमॉस यांच्या पुढाकाराने ब्रिटनमध्ये घडलेली मेसोलेन्स ४x/०.४७ ची असून ६ मिमी रुंद क्षेत्र दाखवते, गुणाकार २.८ मिमी. हिरव्या प्रकाशात त्या रुंदीत दहा हजारांच्या वर वेगळे ओळखता येणारे बिंदू बसतात, म्हणजे ते नीट टिपायला एका बाजूला सुमारे २०,००० पिक्सेल हवेत, आणि नेहमीचे कॅमेरे तिथे अपुरे पडतात. भिंगांची मांडणी इतकी लांब आहे की ती कोणत्याही नेहमीच्या सूक्ष्मदर्शकाच्या फिरत्या तबकडीवर बसत नाही. सगळे यंत्रच तिच्याभोवती उभारावे लागले.